वाचकांचे प्रश्न : बी.ए. आणि एल्एल.बी. एकाच पाच वर्षांत

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पाच वर्षांच्या एकात्मिक विधी पदवीबद्दल होती. त्यांतील पाच पत्रे निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात बारावीला, कला शाखेत शिकते. इतिहास माझा सर्वांत आवडता विषय आहे. गडांचे नकाशे, जुने कागद, सनावळी यांत मी तासन्‌तास रमते. घरच्यांचे म्हणणे असे की नुसते बी.ए. करून काय मिळणार, त्यापेक्षा पाच वर्षांचे बी.ए. एल्एल.बी. कर, म्हणजे इतिहासही होईल आणि हातात वकिलीची सनदही येईल. आमच्या शिक्षिका मात्र सांगतात की आधी इतिहासात पदवी घे, कायदा नंतरही करता येतो. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : सनदेपुरते बोलायचे तर दोन्ही वाटा एकाच दारापाशी पोहोचतात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम केलेला असो, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या दृष्टीने दोघांचीही पात्रता सारखीच आहे आणि न्यायालयात उभे राहिल्यावर कोणी कोणत्या वाटेने आले हे कोणी विचारत नाही. पहिल्या वाटेने एक वर्ष वाचते. घरच्यांचा हिशेब तेवढाच आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

मात्र या दोन वाटांवर मिळणारा इतिहास सारखा नसतो. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिलच्या) २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात इंग्रजी आणि मानव्यविद्येचे मुख्य व गौण विषय यांच्या जोडीला कायद्याचे २० अनिवार्य विषय, ४ प्रात्यक्षिक विषय आणि किमान ६ ऐच्छिक विषय पूर्ण करावे लागतात. इतकी मंडळी एका पंगतीला बसल्यावर इतिहासाच्या पानात किती पडणार, याचा अंदाज तुम्ही करू शकता. बी.ए.च्या तीन वर्षांत इतिहास हा घरचा यजमान असतो, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तो चांगला शेजारी असतो. राज्यशास्त्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो विषय राज्यघटनेच्या अभ्यासात इतका मिसळून जातो की त्याची आवड असणाऱ्याला पाच वर्षांत फारसे उपाशी राहावे लागत नाही. जुने कागद वाचण्याची, साधने पारखण्याची, एका कालखंडात मुरण्याची सवय मात्र वेळ मागते, आणि तो वेळ त्या वेळापत्रकात नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असूनही प्रवेशाच्या धांदलीत ती कोणी सांगत नाही. परिषदेच्या याच नियमांनुसार एकात्मिक पदवीचे तुकडे करून मधल्या टप्प्यावर एक पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही, तसेच आपण आधीच पदवीधर आहोत या आधारावर मध्येच आतही शिरता येत नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्हाला उमगले की करार आणि अपकृत्य (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा) यांत आपले मन लागत नाही, तर हातात काही न घेता परत फिरावे लागेल. आधी बी.ए. करणाऱ्याला मत बदलण्याची मुभा आहे, पाच वर्षांची वाट धरणाऱ्याला ती जवळजवळ नाही.

कायदा आणि मानव्यविद्या यांची सांगड ही काही नवी कल्पना नव्हे. न्यायमूर्ती रानडे १८६२ मध्ये बी.ए. झाले आणि १८६६ मध्ये एल्एल.बी. महामहोपाध्याय काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहीत होते आणि त्यांतला पहिला १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. नवे आहे ते दोहोंना एका पदवीत बसवणे. डॉ. माधव मेनन यांच्या पुढाकाराने बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात १९८८ पासून ज्या पद्धतीने हा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यानंतर त्याला खरी प्रतिष्ठा आली. कल्पना उत्तम होती. ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आयुष्याचा निर्णय आधीच घ्यायला लावते, एवढीच तिची अडचण आहे.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. त्यात इतिहासाबद्दल तुम्ही बोलता आणि कायद्याबद्दल घरचे बोलतात. कायद्यातील एकही प्रश्न, एकही खटला, एकही कुतूहल तुमच्या पत्रात नाही. एवढ्यावरून माझा कल तुमच्या शिक्षिकांकडे झुकतो. तरी निर्णयापूर्वी एक करून पाहा. तालुक्याच्या न्यायालयात दोन दिवस मागच्या बाकावर जाऊन बसा. न्यायालय सहसा खुले असते आणि तेथे बसण्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. पहिला दिवस तारखा पडण्यातच जाईल, दुसऱ्या दिवशी एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी कदाचित ऐकायला मिळेल. घरी परतताना त्या माणसाचे काय झाले असेल हा विचार डोक्यातून जात नसेल, तर माझे मत बाजूला ठेवा.

एक व्यवहारी बाजू मात्र मी लपवणार नाही. अनेक घरांत मुलीला बी.ए.नंतर पुन्हा नव्याने प्रवेश घेऊ देतीलच याची खात्री नसते, कारण तोपर्यंत लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. तुमच्या घरी तशी शक्यता असेल, तर पाच वर्षांचा एकदाच घेतलेला प्रवेश हे संरक्षण आहे आणि त्यासाठी थोडा इतिहास गमवावा लागला तरी तो सौदा तोट्याचा नाही.

प्रश्न : मी पुण्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास हे विषय वर्गात कोणी गांभीर्याने घेत नाही. वरच्या वर्गातील मुले सांगतात की परीक्षेआधी चार दिवस नोट्स वाचून ते विषय ‘काढून टाकायचे’ असतात, खरा अभ्यास तिसऱ्या वर्षापासून. या विषयांचा वकिलाला खरोखर काही उपयोग होतो का?

उत्तर : वरच्या वर्गातील मुले म्हणतात ते अनेक महाविद्यालयांत घडते आणि त्याचा दोष केवळ मुलांवर टाकता येणार नाही. समाजशास्त्राचा शिक्षक कायद्याकडे पाहत नाही, कायद्याचा शिक्षक समाजशास्त्राकडे पाहत नाही, आणि दोन्ही विषय एकाच इमारतीत राहूनही त्यांची भेट होत नाही. भेट घडवण्याचे काम मग विद्यार्थ्यालाच करावे लागते. ते कसे, हे एका उदाहरणाने सांगतो.

चौथ्या वर्षाच्या आसपास, किंवा काही ठिकाणी त्याआधीही, तुम्ही कौटुंबिक कायदा शिकाल आणि त्यात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ येईल. पती किंवा पत्नी योग्य कारणाशिवाय वेगळे राहू लागल्यास दुसऱ्या पक्षाला वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेसाठी न्यायालयात जाता येते. कलम छोटे आहे, पाठ करायला दहा मिनिटे लागतात. ज्याने इतिहासाचा विषय ‘काढून टाकला’ आहे, तो या कलमाला हिंदू परंपरेतील गोष्ट समजून पुढे जातो.

ज्याने तो वाचला आहे, त्याला येथे रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी सासरी जाण्यास नकार दिला आणि त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. त्यांचे कारण वाचण्यासारखे आहे : अशा प्रकारचा दावा हिंदू कायद्यातला नाही, तो इंग्लंडमधून आला आहे, आणि जेथे संसार कधी सुरूच झाला नाही तेथे पुनर्स्थापना कशाची करायची? अपिलात हा निकाल टिकला नाही. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, नाहीतर सहा महिन्यांच्या कैदेचा आदेश दिला, तेव्हा आपण कैद पत्करू असे त्यांनी सांगितले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि या वादाने तापलेल्या वातावरणातच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला.

आता या कहाणीत कायदा कोठे संपतो आणि इतिहास कोठे सुरू होतो, ते सांगता येईल का? दाव्याचे मूळ इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांत होते. ज्या इंग्लंडमधून तो आला, तेथे तो १९७० च्या कायद्याने बंद झाला. आपल्याकडे मात्र तो कलम ९ च्या रूपाने राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात ते वैध ठरवले, आणि २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान देणारी याचिका गुजरातमधील राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखल केली. त्यांनी कलम तर वाचले होतेच, पण केवळ कलम वाचून अशी याचिका सुचत नाही.

समाजशास्त्राचेही तसेच. जात पंचायत म्हणजे काय, वाळीत टाकणे म्हणजे नेमके काय काय बंद होते (पाणी, दुकान, देवळाची पायरी, मयताचा खांदा), हे ज्याने समजून घेतले आहे, त्यालाच महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा इतक्या तपशिलाने का लिहावा लागला ते कळते. त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्याच्याही आधी १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला होता आणि तो १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कारण बहुमताच्या मते धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा जो हक्क राज्यघटनेने दिला आहे, त्याला बाधा येत होती. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळ्या मताचे होते. बहिष्कृत माणसाचे रोजचे जगणे कसे होते, याकडे त्यांचे लक्ष अधिक गेले. दोन्ही मते शेजारी ठेवून वाचा, आणि मग समाजशास्त्राच्या नोट्स पुन्हा उघडा. चार दिवसांत संपणारा विषय तो नव्हे, हे लक्षात येईल.

अर्थशास्त्राबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तेथे उपयोग शोधावा लागत नाही. करकायदा, स्पर्धा कायदा, दिवाळखोरी यांपैकी काहीही करायचे असेल, तर तो विषय तुम्हाला पुन्हा शिकावा लागेल, फक्त तेव्हा शिकवायला कोणी नसेल.

प्रश्न : माझे संपूर्ण शिक्षण मराठी माध्यमातून परभणी जिल्ह्यात झाले. मला पाच वर्षांचा अभ्यासक्रम करून न्यायाधीश व्हायचे आहे. इंग्रजी कच्चे असल्याने मी यात पडू नये, असे काही जण सांगतात. शिवाय आता पदवीनंतर लगेच न्यायाधीशाची परीक्षा देता येत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : होय, खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निकालाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षे वकिलीचा अनुभव ही अट पुन्हा लागू केली. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले काम त्यात धरले जाते. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षे शिक्षण आणि तीन वर्षे वकिली, असा किमान आठ वर्षांचा हिशेब आतापासून घरी समजावून ठेवा. या तीन वर्षांत ज्युनिअर म्हणून मिळणारे पैसे बहुधा जेमतेम असतात, हेही त्यांना सांगा.

इंग्रजीबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते, महत्त्वाची निकालपत्रे इंग्रजीत असतात, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागते. ती परीक्षा म्हणजे मुख्यतः भरभर वाचून समजून घेण्याची परीक्षा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत आणि तेथे जायचे असेल तर इंग्रजीच्या वाचनाला पर्याय नाही. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र मराठीतही असते आणि तिच्या आधारे राज्यातील विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. शाखेची अट नाही.

इंग्रजी कच्चे म्हणून यात पडू नका, असे सांगणाऱ्यांनी तालुका न्यायालयाचे कामकाज बहुधा पाहिलेले नसते. तेथील फिर्याद, पंचनामा, जबाब, कैफियत, सातबारा, फेरफार, खरेदीखत हे सारे मराठीत असते. साक्षीदार मराठीत बोलतो, आणि तो जे बोलतो त्यातील एखादा ‘बहुधा’ किंवा ‘म्हणे’ निकाल फिरवू शकतो. मोठ्या शहरातील इंग्रजी माध्यमातून आलेली कित्येक मुले जुने खरेदीखत हातात आले की चाचपडतात. चतुःसीमा, हिस्सा, वहिवाट या शब्दांशी त्यांची ओळखच नसते. तुमची आहे. न्यायाधीश म्हणून तुमची पहिली नेमणूक जेथे होईल, तेथे हीच भाषा तुमच्या समोर असेल.

तेव्हा इंग्रजी टाळू नका, पण तिची भीती बाळगून वाटही बदलू नका. पहिल्या वर्षी दर आठवड्याला एक लहान निकालपत्र घ्या आणि ते वाचून त्याचा एका पानाचा सारांश आधी मराठीत लिहा. ज्याला मराठीत सारांश लिहिता आला, त्याला निकाल कळला, एवढे समजा. इंग्रजी सारांश दुसऱ्या सत्रापासून सुरू करा. माझ्या वर्गात हा उपाय मी अनेकांना करायला लावला आहे. कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण तिसऱ्या वर्षी निकालपत्रे कोण स्वतः वाचते आणि कोण मार्गदर्शिकेवर विसंबते, ते लगेच ओळखू येते.

प्रश्न : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली आहे. मग पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाबरोबर दुसऱ्या महाविद्यालयात संस्कृतचे नियमित बी.ए. करता येईल का?

उत्तर : येणार नाही. वकिलीच्या शिक्षणाला विधिज्ञ परिषदेचे नियम लागू होतात आणि २००८ च्या नियमांनी विधी पदवीच्या जोडीला दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमाला नाव नोंदवण्यास मनाई केली आहे. त्याच संस्थेतील एकात्मिक पदवी हा अर्थातच अपवाद आहे. आणखी दोन अपवाद त्या नियमातच आहेत : भाषेचा किंवा संगणकाचा अल्प मुदतीचा, अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम. आयोगाच्या परवानगीचे कात्रण दाखवून सनदेच्या वेळी सुटका होईल, अशा भ्रमात राहू नका. संस्कृतची ओढ असेल, तर त्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. आणि जमल्यास मोडी लिपीही शिकून घ्या. जमिनीच्या जुन्या दाव्यांत मोडीतील कागद आजही पुढे येतात आणि ते वाचणारा माणूस शोधत वकिलांना फिरावे लागते.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. समाजशास्त्रात एम.ए. केले असून सध्या एका शाळेत पूर्णवेळ शिक्षिका आहे. मला कायदा शिकायचा आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्राचे विषय मला माफ होतील का? वयाची अडचण येईल का?

उत्तर : पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार तुम्ही करूच नये. तो बारावीनंतरच्या मुलांसाठी आहे, त्यातील विषय तुमच्या पदवीच्या आधारावर माफ होणार नाहीत आणि थेट तिसऱ्या वर्षात प्रवेशही मिळणार नाही. तुमच्यासाठी पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मानव्यविद्येचा अर्धा भाग तुम्ही एखाद्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक नेटाने आधीच पुरा केला आहे.

वयाची मर्यादा २००८ च्या नियमांत होती. ती २०१३ मध्ये मागे घेतली गेली, २०१६ मध्ये परत आली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. त्यामुळे वयामुळे तुमचा प्रवेश अडणार नाही.

अडचण आहे ती नोकरीची. विधी पदवी टपालाने मिळत नाही, वर्गात उपस्थिती लागते, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिपही करावी लागते (पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ती वीस आठवड्यांची आहे). शाळेची वेळ आणि महाविद्यालयाची वेळ जुळते का, हे प्रवेशाआधी पाहा आणि शाळेची परवानगी लेखी घ्या. पुढे सनद घ्यायची वेळ आली की पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाहीत, तेव्हा दोहोंपैकी एक सोडावे लागेल. सनदेचे शुल्क मात्र आता ओझे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गातील उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल.

वकिली करायची नसेल आणि केवळ अभ्यासाची ओढ असेल, तर सनद न घेता नोकरी चालू ठेवता येते. आपले पत्र वाचून तुमचा हेतू कोणता, हे मला नीट उमगले नाही. तो कळवलात, तर पुढच्या अंकात अधिक नेमके लिहिता येईल.